परमुलखाचा कायदा आणि पंडिता रमाबाई

बीडच्या दक्षिणेस बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधार म्हणून जें क्षेत्र आहे, तेथें कार्तिकी पौर्णिमेस मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाकरितां जो समुदाय जमतो, त्यांत मराठीबरोबर कानडी व तेलुगु बोलही कानांवर पडतात. स्वामी वीरशैव संप्रदायाचे. त्या संप्रदायाचें पुष्कळसें वाङ्मय कानडींत आहे. पण स्वामींनीं आपला 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठींत रचिला. दोन भाषांच्या सीमेवर उभा राहून एकीचें धन दुसरीच्या पदरांत टाकणारा पुरुष ज्या डोंगरांत समाधिस्थ झाला, त्या डोंगरास सरहद्द ही वस्तु अपरिचित नव्हती. इ. स. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता, आणि पश्चिमेस अहमदनगर जिल्हा लागला कीं इंग्रजी मुलूख सुरू होई. नगरकडील यात्रेकरू कपिलधारेस यावयाचा म्हणजे तो एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत येई. भाषा तीच, देव तेच, सोयरिकी दोन्हीकडे. परंतु सरहद्द ओलांडली कीं करोडगिरीचें नाकें आडवें येई, कनवटीचा कलदार रुपया हाली शिक्क्यांत मोडून घ्यावा लागे (सहा कलदारांस सात हाली असा त्याचा ढोबळ हिशेब), टपालाचीं तिकिटें बदलत, आणि तंट्याचा प्रसंग आलाच तर अदालतींतील कागद उर्दूंत लिहिलेला हातीं येई. नोकरी मागावयास जाणाऱ्यास पहिला प्रश्न विचारला जाई तो मुल्की कीं गैरमुल्की, हा. पुण्याकडून येऊन येथें संसार मांडलेला मराठी मनुष्य दप्तरीं परका ठरे. सभा भरवावयाची झाल्यास 'गश्ती निशाण ५३' या हुकुमान्वयें आगाऊ परवानगी काढावी लागे.

त्यामुळें आमच्या आजोबांच्या पिढीस परदेश म्हणजे काय हें समजण्यासाठीं आगबोटींत बसावें लागत नसे. बैलगाडी पुरत असे. त्या पिढीच्या तोंडून परमुलखाच्या ज्या गोष्टी आम्हीं ऐकल्या त्यांत एक विशेष होता. ते लोक राज्याची पारख त्याच्या राजवाड्यांवरून अगर रस्त्यांवरून करीत नसत. नाक्यावर किती वेळ अडविलें, रुपयास काय भाव मिळाला आणि कचेरींत आपलें म्हणणें कोणी ऐकून घेतलें कीं नाहीं, या गोष्टींवरून करीत. इंग्रजी मुलूख चांगला म्हणणारे होते, निजामाचा बरा म्हणणारेही होते. पण प्रत्येकाच्या मतामागें एखादें नाकें, एखादी कचेरी उभी असे.

हल्लीं परमुलखाविषयींच्या मतांस तोटा नाहीं. बीडसारख्या जिल्ह्यांतूनही मुलें-मुली सातासमुद्रांपलीकडे जातात, आणि घरोघरीं तिन्हीसांजेस फोनवरून तिकडील राज्यव्यवस्था, तिकडील शिस्त, तिकडील दंड, आणि त्याच ओघांत साऱ्या जगाच्या राजकारणाचें भवितव्य, यांवर निकाल ऐकूं येतात. आमच्या वर्गांतील विद्यार्थी वाद करतांना "माझा थोरला भाऊ तिकडे असतो, तो असें सांगतो" अशी साक्ष काढतात. ती साक्ष खोडून काढण्याची आमची इच्छा नसते, परंतु तिला वजन किती द्यावें हा प्रश्न उरतोच. हीं मतें बहुधा दोन तऱ्हांचीं. एका तऱ्हेंत तिकडील कायदा म्हणजे प्रत्यक्ष धर्मराजाचें राज्य. दुसरींत तिकडे माया नाहीं, कुटुंब नाहीं, सारा पैशाचा बाजार. दोहोंसही थोडा आधार असतो, आणि दोहोंतही बोलणाऱ्यास तो कायदा नेमका कोठें लागला हें सांगितलेलें नसतें. परदेशस्थाच्या मताची किंमत ठरवितांना हेंच प्रथम विचारावें, असें आम्हांस वाटतें. ही कसोटी लावून पाहण्यास मराठींत एक उत्कृष्ट ग्रंथ आहे, आणि त्याकडे सुशिक्षित वर्गाचें जेवढें लक्ष जावयास पाहिजे होतें तेवढें गेलेलें नाहीं.

परदेशस्थांचें लेखन मराठींत अगदींच थोडें नाहीं. आनंदीबाई जोशी यांचीं अमेरिकेहून पतीस लिहिलेलीं पत्रें आहेत; सावरकरांनीं इ. स. १९०६ पासून लंडनहून धाडलेलीं बातमीपत्रें आहेत. पण पत्र हें दिवसाचें असतें आणि बातमीपत्र पक्षाचें. एका परक्या राष्ट्राची राज्यपद्धति, गृहस्थिति, विद्या, धर्मपंथ, स्त्रियांची अवस्था, व्यापार अशीं निरनिराळीं प्रकरणें पाडून, आंकडे जमवून, स्वदेशीं परतण्याच्या वेळीं स्वदेशाच्या उपयोगाकरितां लिहिलेला ग्रंथ म्हणजे पंडिता रमाबाईंचा 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. तो मुंबईस १८८९ सालीं छापला गेला.

बाईंचें पूर्वायुष्य वाचकांस साधारण ठाऊक असेल. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ सालीं जन्मली आणि वाढली ती तीर्थयात्रेच्या वाटेवर. घाटावर, देवळाच्या ओवरींत, पुराण सांगावें, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्या कुटुंबाचा क्रम. कपिलधारेसारख्या ठिकाणीं पुराणिकाचें बिऱ्हाड कसें उतरतें हें ज्यानें पाहिलें आहे त्यास या आयुष्याची कल्पना करणें कठीण नाहीं. दुष्काळांत आईबाप गेले. पुढें भावाबरोबर ती चालतच राहिली, आणि कलकत्त्यास पंडितांनीं तिला 'सरस्वती' ही पदवी दिली. सांगावयाचें इतकेंच कीं, आगबोटींत पाय ठेवण्यापूर्वींच या बाईनें अनेक राज्यांच्या सरहद्दी पायीं ओलांडल्या होत्या, आणि प्रत्येक ठिकाणीं परकी म्हणूनच तिचा मुक्काम असे.

कायदा तिला प्रथम लागला तो विवाहांत. १८८० सालीं तिनें बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशीं लग्न केलें. जात निराळी, प्रांत निराळा. म्हणून १८७२ च्या तिसऱ्या कायद्याप्रमाणें नोंदणीनें लग्न करावें लागलें. त्या कायद्याची अट मोठी चमत्कारिक होती. वधूवरांनीं आपण हिंदु नाहीं, मुसलमान नाहीं, ख्रिस्ती नाहीं, असें सारें नाकारीत जावयाचें, तेव्हां कोठें सरकार विवाह मान्य करी. पुढें दोन वर्षांच्या आंतच पति वारले, पदरीं तान्ही मुलगी राहिली. इ. स. १८८२ त पुण्यास हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची आवश्यकता तिनें मांडली. आणि 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रींतून प्रवासखर्चाची तजवीज करून १८८३ सालीं ती इंग्लंडास गेली.

इंग्लंडांत ती उतरली त्याच वर्षाच्या पहिल्या जानेवारीपासून तेथें विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा नवा कायदा अमलांत आला होता. तोंपर्यंत विवाह होतांच इंग्रज स्त्रीची जंगम मिळकत सामान्यतः पतीची होत असे. तिच्या स्वतःच्या कमाईपुरती सूट मिळाली तीही १८७० सालीं. आमच्या स्मृतिकारांचें स्त्रीधन कितीही तोकडें असलें तरी तें इतकें उशिरां जन्मलें नव्हतें. हिंदु स्त्रीच्या दुर्दशेवर व्याख्यानें देणारे जे आंग्ल गृहस्थ त्या काळीं मुंबईस येत, त्यांच्यापैकीं कितीजणांस स्वतःच्या घरांतील ही तारीख आठवत असेल, कोण जाणे! वाँटेज येथील मठांत राहत असतां बाईंनीं त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत ख्रिस्ती दीक्षा घेतली. पण दीक्षा घेतली म्हणून त्या कोणाच्या आज्ञाधारक झाल्या नाहींत. शाकाहार त्यांनीं सोडला नाहीं, आणि धर्मांतील न पटणाऱ्या मुद्द्यांवर मठांतील मंडळींशीं पत्रांतून कडाक्याचा वाद चालू ठेवला.

त्यांच्या इंग्लंडवासांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण चेल्टनमचें आहे. तेथील स्त्रियांच्या विद्यालयांत त्या संस्कृत शिकवीत. १८८५ च्या सुमारास त्यांनीं तरुण पुरुषांसही शिकवावें अशी सूचना निघाली, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली कीं, तरुण बाईनें पुरुषांस शिकविल्यास स्वदेशीं तिच्याविषयीं गैरसमज होईल. बाईंनीं पत्रानें जें उत्तर दिलें त्याचा आशय असा, कीं माझ्या बापानें माझ्या आईस अगर पतीनें मला पुरुषांस शिकविण्याची कधीं मनाई केली नाहीं, आणि इंग्रज गृहस्थ करतात याचें मला नवल वाटतें. सभ्यतेच्या नांवाखालीं परका मनुष्य आमच्या रूढीचा आमच्याहून कडक अर्थ लावतो, हा प्रकार पुढें हिंदुस्थानांतील इंग्रजी न्यायालयांत वारंवार दिसला. बाईंस तो पाहुणी म्हणून राहत असतां अंगावर अनुभवावा लागला.

१८८६ च्या आरंभीं त्या लिव्हरपूलहून अमेरिकेस निघाल्या. निमित्त आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाचें. ११ मार्च रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत तो झाला. दोघी मराठी स्त्रिया त्या मंडपांत होत्या. वर्ष लोटण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, आनंदीबाई पुण्यास वारल्या. रमाबाई मात्र थोड्या दिवसांकरितां म्हणून गेल्या त्या जवळजवळ तीन वर्षें राहिल्या, व्याख्यानें देत अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत फिरल्या.

अमेरिकेच्या राज्यपद्धतीचें जें वर्णन त्यांनीं केलें आहे तें वाचतांना आमच्याकडील वाचकास एक गंमत वाटते. जुन्या मराठींत त्या देशास 'संयुक्त संस्थानें' म्हणत. एका संस्थानाची हद्द ओलांडली कीं कायदा बदलतो: घटस्फोटाचे नियम बदलतात, पत्नीच्या मिळकतीचे बदलतात, दारू एका ठिकाणीं राजरोस मिळते आणि शेजारीं ती विकणें गुन्हा ठरतें. नगर आणि बीड यांच्या दरम्यान वावरलेल्या मनुष्यास यांत नवें कांहीं नाहीं. नवें होतें तें हें, कीं तेथें नियम बदलण्याचा अधिकार प्रजेस होता. ज्या इंग्लंडाच्या अमलाखालीं हिंदुस्थान होता त्याच इंग्लंडाचें जूं झुगारून या लोकांनीं राज्य स्थापिलें, ही गोष्ट बाई उघड कौतुकानें सांगतात. १८८९ सालीं इंग्रजांच्या प्रजाजनानें मुंबईंत छापून हें लिहावें याचा अर्थ वाचकांनींच ओळखावा. राजद्रोहाचा शब्दही न उच्चारतां राजावांचून चालणाऱ्या राज्याचें चित्र त्यांनीं मराठी घरांत नेऊन ठेवलें.

पण त्यांचा खरा जीव स्त्रियांच्या प्रकरणांत आहे, आणि आमच्या कसोटीस तें पूर्ण उतरतें. प्रजासत्ताक राज्यांत अर्धी प्रजा मतावांचून आहे हें त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. वायोमिंगच्या स्त्रियांस १८६९ पासून मत होतें. यूटाच्या स्त्रियांस तें १८७० त मिळालें, आणि बाई अमेरिकेंत असतांच १८८७ सालीं तेथील लोकसभेनें बहुपत्नीत्वाविरुद्ध केलेल्या कायद्यांत काढून घेतलें. पुरुषांनीं अनेक बायका केल्या त्याची शिक्षा बायकांचें मत हिरावून! अखिल राष्ट्रांत स्त्रियांस मत मिळावयास १९२० साल उजाडावें लागलें. असें असूनही तेथील स्त्रिया स्वस्थ बसल्या नव्हत्या. फ्रान्सिस विलर्ड यांच्या दारूबंदी संघाच्या कामांत बाई सामील झाल्या. मताचा अधिकार नाहीं तर अर्ज, वर्गणी, व्याख्यान, वर्तमानपत्र यांच्या जोरावर कायदा कसा वांकवावा, ही विद्या त्या तेथें शिकल्या. अमेरिकेहून त्यांनीं खरोखर कांहीं आणलें असेल तर तें हें. बाकीचें वर्णन कोणीही चतुर प्रवासी करूं शकला असता.

जेथें कायदा त्यांस लागला नाहीं तेथें काय? तेथेंही त्यांची दृष्टि आंधळी नव्हती. नीग्रो लोकांविषयींचा वर्णद्वेष आणि मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय यांचा त्यांनीं स्पष्ट निषेध केला आहे. तथापि त्यांचा मुक्काम बहुधा फिलाडेल्फिया, बोस्टन येथील सुधारक, सुखवस्तु आणि धर्मशील कुटुंबांत असे, आणि माहिती मिळे ती पुष्कळ अंशीं त्यांच्याकडून, याचा परिणाम ग्रंथावर झालेला आम्हांस दिसतो. अमेरिकेचें चित्र सायंकाळच्या दिवाणखान्यांतून पाहिल्यासारखें थोडें उजळ झालें आहे. याच काळांत परकीयांसंबंधीं त्या देशाचा कायदा कडक होत चालला होता. चिनी मजुरांस बंदी करणारा कायदा १८८२ चा. बाई १८८८ च्या अखेरीस पॅसिफिक किनाऱ्यावरून जपानच्या वाटेनें स्वदेशीं परत निघाल्या, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, स्वदेशीं भेटीस गेलेल्या चिनी मजुरांचे परतीचे दाखलेही एका नव्या कायद्यानें रद्द झाले होते. सन्माननीय पाहुणीस कोणी दाखला विचारला नाहीं. पाहुण्याच्या मताचें हें दुबळें अंग आहे, आणि तें रमाबाईंसारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या स्त्रीच्या लेखनांतही राहतें. मग सामान्यांची काय कथा?

यांचें दुसरें पुस्तक याच्या शेजारीं ठेवून वाचावें असें आम्ही सुचवूं. १८८७ सालीं फिलाडेल्फियास त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. म्हणजे अमेरिकनांस त्यांनीं हिंदुस्थानचा कायदा सांगितला, आणि दोन वर्षांनीं मराठी लोकांस अमेरिकेचा. एकींत मदत मागावयाची होती, दुसऱ्यांत उदाहरण दाखवावयाचें होतें. आणि म्हणून पहिल्यांत स्वदेशाची छाया अधिक गडद पडली आणि दुसऱ्यांत परदेशाचा प्रकाश अधिक लख्ख, असा आरोप करतां येईल. तो अगदींच निराधार नाहीं. पण इंग्रजी पुस्तकांत रखमाबाईंच्या खटल्याचा जो उल्लेख आहे तेवढ्यानें त्या आरोपाची धार बरीच कमी होते. दादाजी भिकाजी यांनीं पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत फिर्याद केली. १८८५ त न्यायमूर्ति पिन्ही यांनीं ती फेटाळली, पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्यें रखमाबाईंनीं नांदावयास जावें, न गेल्यास सहा महिन्यांचा कारावास, असा हुकूम झाला. आतां पत्नीस कोर्टाच्या हुकुमानें नांदावयास लावण्याचा हा उपाय आमच्या धर्मशास्त्रांतला नव्हे. तो इंग्लंडच्या धर्मपीठाच्या न्यायालयांतून आलेला. आणि खुद्द इंग्लंडांत तो हुकूम मोडल्याबद्दल कैदेंत टाकण्याची पद्धति १८८४ सालींच बंद झाली होती. विलायतेंत टाकून दिलेलें शस्त्र मुंबईंत एका मराठी स्त्रीवर उगारलें गेलें, आणि आमच्यांतील कित्येक विद्वानांनीं तें आपल्या धर्माचें म्हणून उचलून धरलें! परदेशीं राहिल्यानें हा घोटाळा उकलण्याची सोय होते. घरचें कोणतें आणि बाहेरचें कोणतें हें दोन्ही ठिकाणचे कायदे पाहिल्यावांचून ओळखूं येत नाहीं. जुलै १८८८ त दादाजींनीं दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई पुढें विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

रमाबाईंनीं वाखाणलेल्या प्रजासत्ताकानें पुढें हिंदी लोकांशीं कसें वर्तन केलें हेंही येथें सांगितलें पाहिजे. फेब्रुवारी १९२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत असा निर्णय दिला, कीं हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें 'गोरा' नाहीं, सबब तो नागरिक होऊं शकत नाहीं. ज्यांस पूर्वीं नागरिकत्व मिळालें होतें त्यांचेंही काढून घेण्यास सरकारनें प्रारंभ केला. थिंद यांच्या बाजूनें लढलेले वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ पासून नागरिक होते. आतां त्यांच्यावरच फिर्याद आली. त्यांनीं कैफियत दिली कीं, तुमच्याच न्यायालयाच्या निकालावर विश्वासून मी हिंदुस्थानांतील वडिलोपार्जित हक्क सोडला, येथें लग्न केलें, घर घेतलें. आतां तो निकाल फिरविण्याचा तुम्हांस अधिकार नाहीं. १९२६ त अपिलाच्या न्यायालयानें त्यांची बाजू मान्य केली, आणि पुढच्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानेंही त्यांत हात घालण्याचें नाकारलें. अमेरिकेच्या कायद्याविषयीं पंडितांचें मत काय होतें हें विचारल्यास तें त्या कैफियतींतच आहे. स्तुति नाहीं, निंदा नाहीं, तुमचाच नियम तुम्हीं पाळा एवढेंच मागणें. हिंदी लोकांस नागरिकत्वाचें दार कायद्यानें पुन्हां उघडलें तें १९४६ सालीं.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांची कथा याच्या उलट. ते अमेरिकेंत शेतकी शिकले, गदर चळवळींत पडले, इराण, मॉस्को अशीं वळणें घेत १९२४ सालीं मेक्सिकोस पोहोंचले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयांत प्राध्यापक होऊन मक्याच्या सुधारणेवर काम करीत राहिले. चित्रकार दिएगो रिवेरा यांनीं भित्तिचित्रांत त्यांची आकृति रंगविली. परक्या राज्यानें मान दिला आणि स्वदेशाचें दार, तें इंग्रजांच्या हातीं असल्यामुळें, बंद राहिलें. वीस वर्षांवर ज्यानें आपल्या गांवचा कायदा फक्त बाहेरून, अडविणारा म्हणून, पाहिला त्याच्याकडून सविस्तर प्रवासवृत्त मराठींत लिहिलें गेलें असतें तर मोठी मौज झाली असती.

बाईंनीं मुंबईस परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं, म्हणजे फिलाडेल्फियाच्या त्या समारंभास बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, शारदासदन उघडलें. बोस्टनमधील मंडळानें दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें होतें. पुढें सदन पुण्यास गेलें, १८९३ त धर्मांतराचें वादळ उठलें, आणि त्या धुळींत अमेरिकेवरील ग्रंथ दिसेनासा झाला. बाई ख्रिस्ती कीं हिंदु, देशद्रोही कीं साध्वी, यावर महाराष्ट्रानें पुष्कळ शाई खर्चिली. त्यांनीं एका परक्या राष्ट्राची घटना, पगार, शाळा आणि तुरुंग यांविषयीं मराठींत काय लिहून ठेवलें आहे, हें उघडून पाहणारे थोडे. २००३ सालीं त्या ग्रंथाचीं दोन इंग्रजी भाषांतरें एकाच वर्षीं अमेरिकेंत निघालीं, आणि आपल्या आजीपणजींच्या काळाविषयीं एका मराठी विधवेचें मत काय होतें हें तेथील वाचक आतां आवडीनें वाचतात.